‘सोडिअमचा अणू इलेक्ट्रॉन देतो’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या इमारतीत राहणारी, यंदा दहावीला बसणारी एक मुलगी गेल्या महिन्यात वही घेऊन माझ्याकडे आली. तिची आई माझी विद्यार्थिनी, त्यामुळे आईसारखीच तीही मला ‘बाई’ म्हणते. तिच्या आजींना आदल्या आठवड्यात अचानक ग्लानी आली, बोलणे असंबद्ध होऊ लागले आणि रुग्णालयात नेल्यावर ‘सोडिअम कमी झालंय’ असे डॉक्टरांनी सांगितले. रक्ताच्या अहवालावर सोडिअमपुढे १२१ हा आकडा होता आणि शेजारी ‘१३५ ते १४५’ ही नेहमीची मर्यादा छापलेली होती. आजी आता घरी आल्या आहेत, बऱ्या आहेत. मुलीचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. ‘‘बाई, सोडिअम पाण्यात टाकलं की पेट घेतं असं आम्हाला शिकवलंय. मग आजीच्या रक्तात ते कसं असतं? रक्तात तर पाणीच जास्त असतं ना?’’ हाच प्रश्न तिने क्लासमध्ये विचारला होता. हे परीक्षेला येत नाही, असे उत्तर तिला मिळाले.

मी बत्तीस वर्षे मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवले. इतका नेमका प्रश्न त्या काळात मला फार थोड्या वेळा ऐकायला मिळाला. संयुजा इलेक्ट्रॉन (अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन), आयन (इलेक्ट्रॉन गमावून किंवा मिळवून प्रभारित झालेला अणू) आणि आवर्तसारणी या तिन्ही गोष्टी त्या एका प्रश्नात एकत्र आल्या आहेत आणि आपण त्या ज्या रीतीने शिकवतो त्यात काय राहून जाते, तेही त्यात दिसते. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सोडिअमची एक बाटली असे. रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेले करडे तुकडे. मी चिमट्याने एक तुकडा बाहेर काढून गाळणकागदावर टिपून घेत असे आणि सुरीने त्याची हरभऱ्याच्या डाळीएवढी फोड कापत असे. लोण्याच्या गोळ्यात सुरी जावी तशी ती जाते. कापलेली बाजू चांदीसारखी चमकते आणि मागच्या बाकावरची मुले पुढे येईपर्यंत ती मळून गेलेली असते. तो तुकडा फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारे दर्शक) घातलेल्या पाण्यावर सोडला की सुरसुरत, गोल होत पृष्ठभागावर सैरावैरा धावतो आणि त्याच्या मागे पाण्यात गुलाबी रेघ उमटत जाते. तुकडा नाहीसा होतो, पण सोडिअम नाहीसे झालेले नसते. ते आता त्याच पाण्यात आयन होऊन शांतपणे राहिलेले असते आणि त्या पाण्यात दुसऱ्यांदा काही पेट घेत नाही. आजींच्या रक्तातले सोडिअम हे असे, आधीच इलेक्ट्रॉन गमावलेले सोडिअम आहे. अणूत ११ इलेक्ट्रॉन, आयनात १०. अणूचे संरूपण, म्हणजे इलेक्ट्रॉनांची कवचांतली मांडणी, २, ८, १ आणि आयनाचे २, ८. अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर, तर आयनाची १०२. बाहेरचा एक इलेक्ट्रॉन गेल्यावर अख्खे कवचच रिकामे होते, म्हणून आकारात एवढा फरक पडतो. नाव एकच असले तरी वागणुकीने ही दोन वेगळी द्रव्ये आहेत, आणि अहवालावरचा आकडा दुसऱ्याचा आहे. मुलीला हे सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला आणि लगेच दुसरा प्रश्न आला: ‘‘पण मग ते इलेक्ट्रॉन देतं कशाला?’’

तिच्या वहीत याचे उत्तर लिहिलेले होते. ‘सोडिअमचा अणू अष्टक पूर्ण करण्यासाठी एक इलेक्ट्रॉन देतो.’ अष्टक म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन. जवळजवळ प्रत्येक गाईडमध्ये, प्रत्येक क्लासच्या नोट्समध्ये हे वाक्य याच शब्दांत सापडते आणि त्याला पूर्ण मार्क मिळतात. माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे. ते सपशेल चूक नाही. सोडिअमचा आयन एकदा तयार झाला की त्याचे संरूपण निऑनसारखे असते, हे खरेच आहे. परंतु ‘करण्यासाठी’ या एका शब्दाने परिणामाला कारण बनवले आहे. अणूला अष्टकाची ओढ नसते. ‘देतो’ हा शब्दही तितकाच फसवा आहे, कारण मराठीत देणे हे राजीखुशीचे असते.

सोडिअमच्या वायुरूप अणूपासून तो एक इलेक्ट्रॉन काढायचा तर प्रत्येक मोलमागे (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक, प्रचंड संख्या) ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागते. म्हणजे सोडिअमचा अणू इलेक्ट्रॉन आपणहून देत नाही, तो ओढून काढावा लागतो. क्लोरीनच्या अणूला इलेक्ट्रॉन मिळाला की ऊर्जा बाहेर पडते हे खरे, पण ती ३४९ किलोज्यूल. दोहोंची वजाबाकी केली तर व्यवहार १४७ किलोज्यूलने तोट्यात आहे. आणि ही अडचण एकट्या सोडिअमची नाही. आवर्तसारणीत इलेक्ट्रॉन सर्वांत सहज सोडणारा अणू सिझिअमचा, त्यालाही ३७६ किलोज्यूल लागतात. आणि इलेक्ट्रॉन घेताना सर्वाधिक ऊर्जा सोडणारा अणू क्लोरीनचा, त्याचे ३४९. याचा अर्थ असा की, एकमेकांपासून दूर असलेल्या सुट्या अणूंची संपूर्ण आवर्तसारणीत अशी एकही जोडी नाही, जिच्यात इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण फायद्याची ठरेल. ही गोष्ट मला स्वतःला नोकरीला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी उमगली, आणि तोवर किती वर्गांना मी ‘देतो’ आणि ‘घेतो’ असेच शिकवून मोकळी झाले होते, याची आजही खंत वाटते.

मग मीठ होते कसे? इथे मला आमच्या मुलुंडची मिठागरे आठवतात. पूर्व द्रुतगती मार्गावरून जाताना भांडुप-मुलुंडच्या बाजूला ती दिसतात. भरतीचे पाणी आत घ्यायचे, एका खाचरातून दुसऱ्यात सोडत उन्हाने आटवायचे आणि शेवटी पांढरे खडे ओढून ढीग लावायचे, ही रीत मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे १०.८ ग्रॅम सोडिअम असते आणि त्यातला एकही अणू धातूच्या रूपात नसतो, सगळे आयन. पाणी आटले की धन आणि ऋण आयन एकमेकांजवळ येतात आणि प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम अशी पक्की रचना बांधली जाते. सुटे आयन एकत्र येऊन अशी रचना होताना मोलमागे ७८६ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. सगळा नफा इथे आहे. सोडिअम धातू आणि क्लोरीन वायू यांच्यापासून ५८.५ ग्रॅम मीठ होताना धातूचे सुटे अणू करायला १०७, क्लोरीनचे रेणू फोडायला १२१ आणि इलेक्ट्रॉन काढायला ४९६ असे ७२४ किलोज्यूल खर्च होतात. क्लोरीनकडून ३४९ परत येतात. तरी ३७५ ची तूट राहते. मग रचनेचे ७८६ मिळतात आणि तूट भरून निघून ४११ किलोज्यूल हाती उरतात. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा हा हिशेब आहे आणि दहावीच्या मुलाला तो करता येतो. मी तो वर्गात करून घेतलेला आहे.

पाण्यात मीठ विरघळते तेव्हाही असाच हिशेब चालतो. रचना मोडायला लागणारी ऊर्जा आयनांभोवती पाण्याचे रेणू गोळा होताना जवळजवळ तेवढीच परत मिळते, म्हणून वाटीभर पाण्यात चमचाभर मीठ ढवळले तर वाटी हाताला जाणवेल इतकी गरमही होत नाही आणि गारही होत नाही.

हा हिशेब एकदा मान्य केला की आवर्तसारणीतले कल पाठ करावे लागत नाहीत. सोडिअम एकच इलेक्ट्रॉन का गमावते? कारण दुसरा काढायला ४५६२ किलोज्यूल लागतात, पहिल्याच्या नऊपटींहून अधिक. तो आतल्या कवचातला आहे, केंद्रकाच्या जवळ आहे, त्याच्यावरची पकड घट्ट आहे. एवढा खर्च कुठल्याही स्फटिकाच्या बांधणीतून भरून निघत नाही. मॅग्नेशिअमचे आकडे ७३८, १४५१ आणि मग एकदम ७७३३. दोन इलेक्ट्रॉनांचा खर्च भागतो, तिसऱ्याचा भागत नाही, म्हणून मॅग्नेशिअमचा आयन दोन धन प्रभाराचा. अष्टक पूर्ण होते ते या दरवाढीमुळे. दरवाढ अष्टकामुळे होते असे म्हणणे म्हणजे गाडी घोड्याच्या पुढे जुंपणे.

वर्गात मी एक खेळ घेत असे. फळ्यावर मूलद्रव्याचे नाव न सांगता, त्याचे इलेक्ट्रॉन एकामागून एक काढायला लागणाऱ्या ऊर्जेचे चार आकडे लिहायचे: ५७८, १८१७, २७४५, ११५७७. मुलांनी विचार करून सांगायचे की हा कोण, त्याचा गण (आवर्तसारणीतला उभा स्तंभ) कोणता. पहिल्यांदा वर्ग गप्प बसतो. मग कोणीतरी म्हणते, ‘‘बाई, तिसऱ्यानंतर उडी आहे.’’ उडी आहे म्हणजे काय, असे विचारले की दोन-तीन मुले एकदम ओरडतात, की बाहेरच्या कवचात तीनच इलेक्ट्रॉन आहेत. ॲल्युमिनिअम! त्या क्षणी संयुजा इलेक्ट्रॉन हा पुस्तकातला शब्द राहत नाही. मुलांनी तो आकड्यांतून शोधून काढलेला असतो, आणि मी सांगते, अशा रीतीने शोधलेले ती पुढे विसरत नाहीत.

गणात खाली जाताना काय होते, तेही त्याच आकड्यांत दिसते. लिथिअम ५२०, सोडिअम ४९६, पोटॅशिअम ४१९, रुबिडिअम ४०३, सिझिअम ३७६. दर वेळी एक कवच वाढते, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातो, मधल्या इलेक्ट्रॉनांची आड येते आणि पकड सैल होते. आवर्तात, म्हणजे आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे जाताना कवच तेच राहते पण केंद्रकातले प्रोटॉन वाढत जातात, म्हणून पकड घट्ट होत जाते: सोडिअम ४९६, क्लोरीन १२५१, अर्गॉन १५२१. मधे चढ-उतारही आहेत. मॅग्नेशिअमच्या ७३८ नंतर ॲल्युमिनिअमचे ५७८ कसे, असे चौकस मूल विचारतेच. तेव्हा ‘तो इलेक्ट्रॉन थोड्या वरच्या ऊर्जेच्या उपकवचात आहे, ते तू अकरावीत शिकशील’ असे प्रामाणिकपणे सांगावे. प्रश्न दडपण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

ऋण आयनांच्या बाबतीत तर ‘घेतो’ हा शब्द आणखीच अडचणीचा ठरतो. ऑक्सिजनचा अणू पहिला इलेक्ट्रॉन घेताना १४१ किलोज्यूल ऊर्जा सोडतो, पण दुसरा घेताना आधीच्या ऋण प्रभाराचे प्रतिकर्षण होते आणि उलट ऊर्जा पुरवावी लागते. दोन ऋण प्रभारांचा सुटा ऑक्साइड आयन मोकळ्या जागेत टिकतच नाही. तरीही कळीचा चुना, मॅग्नेशिअम ऑक्साइड, ॲल्युमिनिअम ऑक्साइड ही सारी ऑक्साइडे भक्कम आहेत, कारण दोन किंवा तीन धन प्रभारांच्या लहान आयनाशेजारी त्याला जागा मिळाली की आकर्षण फार मोठे होते. कार्बनचे चारही संयुजा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे १४ हजार किलोज्यूलहून अधिक लागतात. तो खर्च कुणालाच परवडत नाही, म्हणून कार्बन भागीदारीच्या बंधांकडे वळतो.

आयनांच्या आकाराबद्दल मात्र थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण शाळेत त्याकडे जवळजवळ लक्षच दिले जात नाही. ऑक्साइड, फ्लुओराइड, सोडिअम, मॅग्नेशिअम आणि ॲल्युमिनिअम या पाचही आयनांत दहाच इलेक्ट्रॉन आहेत, संरूपण २, ८. पण त्रिज्या अनुक्रमे १४०, १३३, १०२, ७२ आणि सुमारे ५४ पिकोमीटर. इलेक्ट्रॉन तेवढेच, ओढणारे प्रोटॉन मात्र ८ पासून १३ पर्यंत वाढत गेले. जून-जुलैत आपल्या मुंबईच्या स्वयंपाकघरात याचा अनुभव येतो. बरणीतल्या जाड्या मिठाला पाणी सुटते. पावसाळ्यातल्या दमट हवेत शुद्ध मीठही ओलावते, पण जाड्या मिठात राहून गेलेल्या मॅग्नेशिअम क्लोराइडचा त्यात मोठा वाटा असतो. मॅग्नेशिअमचा आयन सोडिअमपेक्षा लहान, आणि त्यावरचा प्रभार दुप्पट. हवेतले पाण्याचे रेणू तो ओढून धरतो. आवर्तसारणीत एक घर उजवीकडे सरकल्याने होणारा फरक गृहिणीला चमच्याने मीठ काढताना जाणवतो, आणि आपण मुलांना ते सांगत नाही.

अष्टकाचा नियम निरुपयोगी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. गिल्बर्ट ल्युईस आणि वाल्टर कोसेल या शास्त्रज्ञांनी १९१६ साली स्वतंत्रपणे हे विचार मांडले, तेव्हा विखुरलेली माहिती एका सूत्रात आली. पण ते निरीक्षणावरून बांधलेले सूत्र होते आणि त्याच्या मर्यादा आपल्या आजूबाजूलाच आहेत. पावसाळ्यात गॅलरीच्या गजांवर चढणाऱ्या तांबूस गंजात लोहाचा जो तीन धन प्रभारांचा आयन असतो, त्याचे संरूपण २, ८, १३ आहे. पत्र्यावरच्या मुलाम्यातल्या जस्ताचा आयन २, ८, १८. यांत कुठेही बाहेर आठ नाहीत, तरी हे आयन टिकतात. उलट बाजूचे उदाहरण रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांचे. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेण्याइतके प्रबळ असे प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड त्यांच्या हाती आले होते. झेनॉन अणूची आयनीभवन ऊर्जा (इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) ऑक्सिजनच्या रेणूइतकीच, ११७० किलोज्यूलच्या आसपास आहे, हे त्यांनी तक्त्यात पाहिले आणि १९६२ साली झेनॉनचे संयुग तयार करून दाखवले. पूर्ण अष्टक असलेली राजवायू मूलद्रव्ये अभिक्रिया करत नाहीत, ही समजूत आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने मोडली.

आणि आपल्याकडचे खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा? त्यांनी १९२० साली मांडलेले आयनीभवनाचे समीकरण याच आकड्यांवर उभे आहे. सूर्याच्या वर्णपटात रुबिडिअम आणि सिझिअमच्या खुणा तेव्हा का सापडत नव्हत्या, याचे त्यांचे उत्तर असे की, त्यांचा बाहेरचा इलेक्ट्रॉन इतका सैल आहे की त्या तापमानाला त्यांचे अणू जवळजवळ शिल्लकच राहत नाहीत, सगळे आयन होतात. त्याच सूर्याच्या बाह्य आवरणात कॅल्शिअमचा एकच इलेक्ट्रॉन गमावलेला आयन विपुल आहे. आमच्या वहीतले कॅल्शिअम नेहमी दोन इलेक्ट्रॉन ‘देते’. कारण वहीत ते चुन्यात किंवा हाडांत असते, आणि तिथे दुसऱ्या इलेक्ट्रॉनचा खर्च शेजारचे ऋण आयन भरून देतात. विरळ वायूत भरून देणारे कोणी नसते. आयन कोणता होणार, हे अणूइतकेच तो कुठे आहे यावरही ठरते.

यावर शिक्षक मित्र म्हणतील की पंधरा वर्षांच्या मुलांना हे झेपणार नाही. चक्रवाढ व्याज आणि हप्त्यांचे हिशेब करणारी मुले चार आकड्यांची बेरीज-वजाबाकी करू शकणार नाहीत, हे मला पटत नाही. मी उपकवचे शिकवा म्हणत नाही, क्वांटम सिद्धांत तर नाहीच. पहिल्या वीस मूलद्रव्यांच्या आयनीभवन ऊर्जांचा एक तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावावा आणि संयुजा शिकवताना त्याकडे बोट दाखवावे, एवढेच. सोडिअम धातू आता अनेक शाळांत सुरक्षिततेच्या कारणाने ठेवत नाहीत, ते समजण्यासारखे आहे. पण गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ पडले की ती पिवळी होते, हे तर प्रत्येक घरी दिसते. ज्योतीच्या उष्णतेत सोडिअमच्या काही आयनांना इलेक्ट्रॉन परत मिळतो आणि तो बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन वर उडी मारून खाली येताना हा पिवळा प्रकाश देतो. ‘दिलेला’ इलेक्ट्रॉन परत घेणारे सोडिअम मुलांना स्वयंपाकघरात पाहायला मिळते.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘सोडिअमची संयुजा लिहा’ या प्रश्नाऐवजी तीन आकडे देऊन ‘यातून मूलद्रव्याचा गण ओळखा आणि कारण सांगा’ असा एक तरी प्रश्न विचारा. परीक्षेला जे येते तेच शिकवले जाते, हे आपण सगळेच जाणतो. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी तर याची निकड अधिक आहे, कारण अकरावीला बहुतेकांचे विज्ञान इंग्रजीत सुरू होते. तिथे शब्द नवे असतातच. निदान त्या शब्दांमागचे कारण तरी आपल्या भाषेत आधी समजलेले असावे.

त्या मुलीने परवा आजींचा नवा अहवाल आणून दाखवला. सोडिअम १३७ झाले होते आणि त्याच्या खालच्या ओळीत पोटॅशिअम ४.१ होते. तिने तक्ता पाहिलेला असल्याने ती म्हणाली, ‘‘बाई, पोटॅशिअमचा इलेक्ट्रॉन तर सोडिअमपेक्षा सहज सुटतो, मग त्याचे आयन एवढे कमी का?’’ मी तिला सांगितले की इलेक्ट्रॉन सुटण्याचा प्रश्न दोघांच्याही बाबतीत केव्हाच मागे पडला आहे. पोटॅशिअम कमी नाही. त्यातले बहुतेक रक्ताच्या पाण्यात नसून पेशींच्या आत आहे. पेशीच्या आवरणातला एक पंप दर फेरीला तीन सोडिअम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशिअम आयन आत घेतो. प्रभार दोघांचाही एकच, फरक आहे तो एका कवचाचा: १०२ पिकोमीटर आणि १३८. तिने दोन्ही आकडे अहवालाच्या कडेला पेन्सिलने लिहून घेतले.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
मुलुंड (पूर्व), मुंबई